लांब सायकल राइडनंतर गुडघा समोरून दुखतो. सीट किती उंच हवी?

ऑफिसला जाता-येता त्रास नाही आणि ५०-६० किलोमीटरनंतर गुडघा समोरून दुखतो, म्हणजे पहिला संशय सीट खाली असल्याचाच. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसा, पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. टाच टेकवताना कंबर कलंडत असेल तर सीट जास्त वर गेली. अशा वेळी गुडघा मागून दुखू लागतो.

बदल एका वेळी ३-५ मिलिमीटरच करा. आधी सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीने जुनी उंची खूण करून ठेवा. दांड्यावरची मर्यादेची रेघ बाहेर दिसता कामा नये.

बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, हा हट्ट मात्र सोडा. त्यापायीच अनेकांची सीट खाली राहते. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, सवय लगेच होते.

तरीही दुखलं तर गिअर हलका ठेवा, पॅडलच्या मिनिटाला ८०-९० फेऱ्या होतील असा. सूज दिसली तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा.