ऑनलाइन लाइव्ह क्लासमधून तबला खरंच शिकता येतो का? कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा?

तुम्ही न्यू जर्सीत, मुलगा नऊ वर्षांचा, आणि तीन प्लॅटफॉर्मपैकी कुठला निवडावा हा तुमचा प्रश्न. नावाने फारसा फरक पडत नाही. शिकवणारा कोण आणि त्याला आवाजाची सेटिंग्ज येतात का, एवढंच बघा.

‘ऑनलाइनवर तबल्याचा नादच येत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. हे मला मुळीच मान्य नाही, दोष सेटिंग्जचा असतो. क्लास झूमवर असेल तर लक्षात घ्या, झूम बनलंय बोलण्यासाठी. सलग चालणारा आवाज म्हणजे पंखा असं धरून ते तानपुरा आणि लेहरा (तबल्याच्या साथीला सतत वाजणारी, तालाच्या लांबीची धून) दाबतं. दोन्ही हातांनी वाजणाऱ्या ‘धा’ या बोलाचा ठोका पोचतो, पण डग्ग्याचा (डाव्या हाताच्या मोठ्या तबल्याचा) घुमारा मधेच छाटला जातो. पलीकडे ‘धा’ आणि नुसत्या उजव्या हाताचा ‘ना’ सारखेच ऐकू येतात, आणि पोराला डग्गा नीट वाजव म्हणून बोलणी बसतात.

उपाय असा. लॅपटॉपवर झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा आणि त्याखालचा ‘हाय फिडेलिटी’ पर्याय चालू करा. मायक्रोफोनचा आवाज आपोआप कमी-जास्त करणारी खूण काढा, नाहीतर एका जोरदार थापेनंतरचे बोल बारीक होतात. क्लास सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यातलं ओरिजिनल साउंडचं बटण चालू दिसतंय ना, हे दर वेळी बघा. एको कॅन्सलेशन (स्पीकरचा आवाज माइकमधून परत जाऊ न देणारी सोय) बंद करायचं असेल तर दोन्हीकडे हेडफोन हवेत, नाहीतर गुरुजींना स्वतःचाच आवाज परत ऐकू येईल. हेडफोन वायरचाच, ब्लूटूथ आणखी उशीर घालतो. लॅपटॉपच्या स्पीकरमधून घुमारा ऐकू येण्याची आशा सोडा, इतका खर्ज त्याला झेपत नाही.

आता लय. समजा गुरुजी पुण्यात आहेत. पुणे ते न्यू जर्सी साधारण 12,500 किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूलाच 60 मिलिसेकंद गेले. प्रत्यक्षात जाऊन-येऊन पाव सेकंद सहज लागतो. मिनिटाला 240 मात्रांच्या लयीत पाव सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा! तिथून गुरुजींनी हाताने ताल धरला की त्यांना मुलगा मागे पडलेला वाटतो, ते थांबतात, तो आणखी रेंगाळतो, आणि कायदा (ठरावीक बोलांची, विस्तार करत वाजवायची रचना) दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, जायच्या आधीच मोडतो. म्हणून लेहरा मुलाच्याच खोलीत, वेगळ्या फोनवर लावायचा. तबला आणि लेहरा एकाच माइकमधून गेले की दोघांनाही सारखाच उशीर होतो, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली तर गुरुजींना नेमकी कळते. त्यांनी आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, संपेपर्यंत नुसतं ऐकायचं. डेमोच्या वेळी लेहरा कोणाच्या बाजूला लावता, हे विचारा. उत्तर देता आलं नाही तर तो क्लास घेऊ नका.

कॅमेरा चेहऱ्यावर नको. उजवीकडून, तबल्याच्या तोंडापेक्षा थोडा वर, तिरका लावा. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलेली आणि तर्जनी चाटेवर (काठाच्या पट्टीवर) पडताना दिसली पाहिजे. डग्ग्यासाठी दुसरा फोन जोडा, पण त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर शिट्टी वाजेल.

गटाचा क्लास घेऊ नका, स्वस्त असला तरी. चाळीस मिनिटांत आठ मुलं म्हणजे प्रत्येकाला पाच मिनिटं, कारण या उशिरामुळे सगळ्यांनी एकत्र वाजवणं जमतच नाही.

हे सगळं ज्याचा हात आधीच बसलाय त्याला लागू आहे. अगदी नवशिक्या मुलाचा निकास (बोल हातातून नीट काढण्याची पद्धत) मात्र समोर बसूनच घडवावा लागतो. डग्ग्यावर मनगटाचा दाब किती, हे कॅमेरा सांगत नाही. तुमच्या भागात आठवड्यातून एकदा हात बघणारं कोणी मिळालं तर पहिले काही महिने तिथेच पाठवा. तबला सुरात लावून देणारं माणूसही लागेल. आणि वेळ ठरवताना ती भारताची धरली की तुमची, हे लिहून घ्या. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तुमची घड्याळं सरकतात, भारतातली नाही.