मत वाया गेलं म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न: मी न्यूयॉर्क राज्यात राहते, सिटिझनशिप नुकतीच मिळालीय, २०२८ ला पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्षासाठी मत देणार. दोन्ही मोठ्या पक्षांचं मला धड काही पटत नाही म्हणून तिसऱ्याच कुणाला तरी द्यावं असं डोक्यात आहे. पेनसिल्वेनियात राहणारी माझी धाकटी बहीण म्हणते, ताई, मत कचऱ्यातच टाकायचं होतं तर नागरिकत्व घेतलंस कशाला! नवरा म्हणतो कुणालाही दे, काही फरक पडत नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर: गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे, बहिणीचं तिच्या राज्यात आणि नवऱ्याचं तुमच्या.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही. ५३८ इलेक्टर्स, म्हणजे राज्यांच्या वतीने राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी असतात, जिंकायला २७० लागतात, आणि मेन आणि नेब्रास्का सोडलं तर जो राज्यात पहिला येईल त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर्स, मग तो एका मताने पुढे का असेना. दुसऱ्या-तिसऱ्याच्या हाती भोपळा. १९९२ ला अपक्ष उभ्या राहिलेल्या रॉस पेरोंना जवळजवळ १९ टक्के मतं पडली, म्हणजे दोन कोटींच्या आसपास माणसं, आणि इलेक्टर किती तर शून्य! उलट १९६८ ला जॉर्ज वॉलेसला साडेतेराच टक्के होते पण ते दक्षिणेत गठ्ठ्याने पडले, पाच राज्यं जिंकली आणि ४६ इलेक्टर्स मिळाले. (हा माणूस वंशभेदाच्या बाजूने उभा होता, कौतुक करत नाहीये, फक्त गणित सांगतेय.)

आता बहिणीचं बघू. २०१६ ला पेनसिल्वेनियात ट्रम्प ४४,२९२ मतांनी पुढे होते आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ४९,९४१ मतं होती. त्याआधी २००० ला फ्लोरिडा ५३७ मतांवर ठरलं, तिथे ग्रीन पक्षाच्याच राल्फ नेडरना ९७,४८८. लोक हे आकडे शेजारी-शेजारी ठेवतात आणि म्हणतात, बघा, यांनी डेमोक्रॅटचा घात केला. मला हे अर्धंच पटतं. ती सगळी मतं एकाच मोठ्या उमेदवाराकडे वळली असती हे कुणी सांगितलं, त्यातले कितीतरी जण त्या दिवशी घरीच बसले असते, आणि पेनसिल्वेनियात लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सनला एक लाख सेहेचाळीस हजारांवर मतं होती ती मग कुणाच्या खात्यात धरायची? पण ५३७ म्हणजे एखाद्या मोठ्या बिल्डिंगमधली माणसं हो. तेव्हा दोन मोठ्यांपैकी कोण आलं तर जास्त वाईट हे ज्याच्या मनात पक्कं आहे त्याने अशा राज्यात जपून राहावं, बहिणीची भीती उगाच नाही.

तुमचं न्यूयॉर्क मात्र १९८४ ला रिपब्लिकन रेगन यांच्या बाजूने गेलं ते शेवटचं, त्यानंतर दर वेळी डेमोक्रॅट. तिथे तुम्ही तिसऱ्याला दिलेल्या मताने कुणाचं काही बिघडणार नाही, आणि खरं सांगायचं तर फारसं घडणारही नाही. एक फायदा असतो, पक्षाला देशभरात ५ टक्के मिळाले तर पुढच्या निवडणुकीसाठी सरकारी पैसा मिळतो. नेडर त्याच्याच मागे होते, अडकले २.७ वर. पेरोंनी १९९६ ला ८.४ टक्के काढले म्हणून त्यांच्या रिफॉर्म पक्षाला २००० मधे सव्वा कोटी डॉलर्सच्या वर रक्कम मिळाली, पण पैशापाठोपाठ भांडणंही आली, उमेदवार कोण यावरून पक्ष फुटला आणि मतं अर्ध्या टक्क्यावरही गेली नाहीत.

तुमच्याकडे अजून एक सोय आहे जी बऱ्याच राज्यांत नाही, आणि नवीन लोकांना ती पटकन लक्षात येत नाही. तिथे एकच उमेदवार मतपत्रिकेवर दोन पक्षांच्या ओळींवर उभा राहू शकतो. २०२४ च्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षासाठी नावं दोनच होती, पण ओळी चार. हॅरिस डेमोक्रॅटिकवर आणि वर्किंग फॅमिलीजवर, ट्रम्प रिपब्लिकनवर आणि कॉन्झर्व्हेटिव्हवर. कुठल्याही ओळीवर गोल भरा, मत त्याच माणसाला, पण कुठल्या ओळीतून किती आली ते वेगळं मोजलं जातं आणि छोट्या पक्षाला आपली ओळ टिकवायला १,३०,००० किंवा २ टक्के, जे जास्त असेल तेवढी मतं लागतात. तुमची चिडचिड मोठ्या पक्षावर असेल पण उमेदवार चालण्यासारखा असेल तर मला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

आणि तिसऱ्यालाच द्यायचं असेल तर राष्ट्राध्यक्षापाशीच का थांबता, खाली शहराची, काउंटीची पदं असतात की. बर्नी सँडर्स १९८१ ला बर्लिंग्टनचे महापौर झाले ते अपक्ष म्हणून, फक्त १० मतांनी!

शेवटचं, मतपत्रिकेवर नाव नसेल आणि हाताने लिहायचं मनात असेल तर त्या माणसाने आधी राज्याकडे तशी नोंद केलीय का हे बघून घ्या. नोंद नसलेलं नाव लिहिलंत तर ते कुणाच्याच नावावर मोजत नाहीत, आणि मग मात्र बहिणीचं म्हणणं अगदी शब्दशः खरं होईल.