पुढची दुहेरी रांग आणि मागची सहावी दाढ

‘खालचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत आणि त्यांच्या मागून नवे दात आलेत. दोन रांगा झाल्या. आता दात कायमचे वेडेवाकडे होणार का?’ मुलांच्या दातांच्या दवाखान्यात पालकांशी बोलण्याचं काम मी करते. सहा-सात वर्षांच्या मुलांचे आईवडील सर्वांत जास्त कशाने घाबरून येत असतील, तर याने. अशाच एका आईची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगा पावणेसात वर्षांचा. तो निवांत होता, जिभेने नवे दात चाचपत बसला होता. आई मात्र आदल्या रात्रीपासून मोबाईलवर फोटो बघून हवालदिल झाली होती. डॉक्टरांनी तपासून ‘काळजीचं काही नाही’ म्हटलं, तरी तिचे डोळे भरून आले, म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. बसता बसताच तिने स्वतःवरचे आरोप मोजायला सुरुवात केली. याने चार वर्षांचा होईपर्यंत अंगठा चोखला, मी तो सोडवला नाही. कॅल्शियमचं औषध मध्येच बंद केलं. दात हलतोय म्हणाला तेव्हा लगेच आणायला हवं होतं. “माझंच चुकलं ना, मॅडम?”

अशा वेळी नुसतं ‘नाही हो’ म्हणून भागत नाही. माझ्या टेबलावर लहान मुलाच्या जबड्याचं एक मॉडेल असतं. एका बाजूने पाहिलं तर दुधाच्या दातांची सरळ रांग दिसते. दुसऱ्या बाजूचं हाड कापून उघडं केलेलं आहे. तिथे दुधाच्या दातांच्या मुळांपाशी पक्के दात दाटीवाटीने बसलेले दिसतात. मी ते तिच्या हातात दिलं आणि खालच्या पुढच्या दातांच्या जागी तिचं बोट ठेवलं. तिथले पक्के दात दुधाच्या दातांच्या बरोबर खाली नसतात, थोडे जिभेच्या बाजूला असतात. ती त्यांची मुळातलीच जागा आहे. त्यामुळे वर येताना ते थोडे मागूनच येतात, आणि दुधाचा दात वेळेवर पडला नाही की दोन रांगा दिसतात.

मग तारखांचा हिशेब. दुधाच्या दातांचे अंकुर गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात तयार होऊ लागतात आणि चौथ्या महिन्यात ते टणक व्हायला लागतात. तिच्या मुलाचे जे दोन दात आत्ता दिसत होते, ते तो ३-४ महिन्यांचा असताना हाडाच्या आत घडायला लागले होते आणि त्यांचा वरचा भाग ४-५ वर्षांच्या सुमारास पूर्ण झाला होता. गेल्या वर्षी औषध बंद केल्याने ते मागे सरकले असतील, असं होत नाही. अंगठा चोखण्याची सवय लांबली तर वरचे दात पुढे येऊ शकतात, हे खरं. पण खालचे पक्के दात मागून उगवण्याशी तिचा संबंध नाही. हे ऐकल्यावर तिने मॉडेल खाली ठेवलं आणि पहिला खरा प्रश्न विचारला: “मग दुधाचे दात काढून टाकायचे का?”

पक्का दात वर सरकू लागला की त्याच्या वाटेत येणारं दुधाच्या दाताचं मूळ शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं. मूळ संपलं की दात हलतो आणि पडतो. पक्का दात मागच्या बाजूने चढला तर मूळ पूर्ण विरघळत नाही, म्हणून दुधाचा दात रेंगाळतो. तो चांगला हलत असेल तर मुलाला स्वच्छ हातांनी, जिभेने हलवू द्यावा. पडला की जीभ मागच्या दाताला रोज थोडं थोडं पुढे ढकलते, आणि जागा असेल तर काही महिन्यांत तो रांगेत येतो. दुधाचा दात अजिबात हलत नसेल आणि पक्का बराच वर आलेला असेल, तर मात्र एक्स-रे काढून डॉक्टर तो काढायचा का हे ठरवतात. आपणच दोरा बांधून ओढण्याचा उद्योग करू नये. आणि ‘जागा व्हावी’ म्हणून शेजारचे चांगले दुधाचे दात काढायचा आग्रह तर कधीच धरू नये. पुढे जागेचा प्रश्न त्यानेच वाढतो. या मुलाचे दोन्ही दात छान हलत होते, त्यामुळे वाट पाहायचं ठरलं.

पुढच्या रांगेची गोष्ट खरं तर इथे संपली. पण मला तिच्याशी बोलायचं होतं ते वेगळ्याच दाताबद्दल, ज्याकडे तिने पाहिलंही नव्हतं.

केसपेपरवर डॉक्टरांनी ‘४६’ आणि ‘८५’ असे दोन आकडे लिहून भोवती गोल केला होता. ती दचकून म्हणाली, “माणसाला ३२ दात असतात ना?” हे दातांचे पत्ते आहेत, असं मी सांगितलं. पहिला आकडा तोंडाचा भाग सांगतो: पक्क्या दातांसाठी १ ते ४, दुधाच्या दातांसाठी ५ ते ८. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून कितवा दात ते सांगतो. म्हणजे ८५ हा खालच्या उजव्या बाजूचा पाचवा दुधाचा दात, आणि ४६ हा त्याच बाजूचा सहावा, पक्का.

“पक्का? त्याची एकही दाढ पडलेली नाही अजून.”

माझ्या कामातला सर्वांत मोठा गैरसमज तो हाच. पक्का दात दुधाच्या दाताच्या जागीच येतो, असं जवळजवळ सगळे धरून चालतात. पण दुधाचे दात एकूण २० आणि पक्के ३२. पुढचे पटाशीचे दात आणि सुळे एकास एक बदलले जातात. दुधाच्या ८ दाढांच्या जागी ८ उपदाढा येतात. पक्क्या १२ दाढांच्या जागी आधी कोणीच नसतं, त्या सगळ्यांच्या मागे, रिकाम्या हिरडीतून उगवतात. त्यांतली पहिली सहाव्या-सातव्या वर्षी येते. काही पडत नाही, रक्त येत नाही, मूल फार तर मागे दुखतंय म्हणतं. कोणाला कळतही नाही की आयुष्यभर चावायची मुख्य दाढ तोंडात आली.

मी मुलाला हाक मारली, आरसा आणि टॉर्च घेतला, आणि आईलाच मोजायला लावलं. मधल्या रेषेपासून, एकाच रांगेतले मोजायचे. एक, दोन, तीन हा सुळा, चार, पाच. पाचपर्यंत दुधाचे. आणि त्याच्या मागे सहावी, थोडी खाली राहिलेली, रुंद, किंचित पिवळसर. तिच्या मागच्या कडेवर हिरडीची एक झडप अजून चिकटलेली होती. वरच्या खाचांमध्ये पेन्सिलीने रेघ ओढावी तसा बारीक तपकिरी पट्टा.

“हे अन्न अडकलंय ना?”

अन्न असतं तर डॉक्टरांनी पुसल्यावर गेलं असतं. ती कीड लागायची सुरुवात होती. नुकत्या आलेल्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, वरून पूर्ण दिसलं तरी ते लाळेतल्या खनिजांनी आणखी पक्कं व्हायला काही काळ जातो. त्या काळात ते लवकर किडतं. त्यात ही दाढ शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, म्हणून नेहमीसारखा ब्रश फिरवला तर केस तिच्या वरून निघून जातात, खाचेत पोचतच नाहीत. मी ब्रश हातात घेऊन दाखवलं: गालाच्या बाजूने, दातांच्या रांगेला आडवा धरायचा, डोकं थेट त्या एका दाढेवर टेकवायचं आणि तिथेच छोटे हात मारायचे. रात्री हे काम मोठ्यांनी करायचं. सात वर्षांच्या मुलाच्या हाताला हे जमत नाही, तो आळशी आहे म्हणून नव्हे.

डॉक्टरांनी खाच स्वच्छ करून सीलंट भरायचं सुचवलं होतं. खाचा बंद करणारा तो पातळ लेप आहे. भूल लागत नाही, दुखत नाही. आईने लगेच होकार दिला. ४६ सुटला, पण ८५ वर गाडी अडली.

८५ मध्ये कीड खोल होती. घरी आजींचं म्हणणं होतं की दुधाची दाढ आहे, पडणारच आहे, त्यावर कशाला खर्च आणि मुलाला कशाला त्रास. आजींचा तर्क मला कधीच हास्यास्पद वाटत नाही. पुढचे दात सहा-सात वर्षांचं होताच पडतात हे त्यांनी पाहिलेलं असतं, आणि तोच हिशेब त्या दाढांना लावतात. पण ही पाचवी दाढ साधारण १० ते १२ व्या वर्षी पडते. म्हणजे अजून किमान तीन-चार वर्षं तिच्यावरच चावायचं आहे. दुधाच्या दातांचं इनॅमल पक्क्यांपेक्षा बरंच पातळ असतं आणि आतली नस पृष्ठभागाच्या जवळ असते, त्यामुळे कीड त्या नसेपर्यंत झपाट्याने पोचते. तिथून पू झाला तर मुळांच्या मधोमध घडत असलेल्या पक्क्या उपदाढेला इजा होऊ शकते.

आणि दाढ लवकर काढावी लागली तर? सहावी दाढ पुढे सरकून ती जागा खाते. उपदाढेला यायला वाट राहत नाही. मग खरोखरच वेडेवाकडे दात येतात, ज्याची भीती घेऊन ही आई आली होती. फक्त ती पुढच्या दातांकडे पाहत होती. मी तिला स्पष्ट सांगितलं की दाढ काढावीच लागली तर जागा राखायला डॉक्टर स्पेस मेंटेनर बसवतात, पण जागा राखायला दुधाच्या दाढेइतकं चांगलं साधन दुसरं नाही.

तिने आजींना फोन लावला आणि मला बोलायला सांगितलं. आजींचा एकच प्रश्न होता: “पोराला दुखेल का?” मी म्हटलं, भूल देताना थोडं टोचेल, आणि उपचार न करता ठेवलं तर त्याहून जास्त दुखण्याचा संभव आहे. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “मग करा.”

आठवड्याभराने ती उपचाराला आली, तेव्हा पर्समधून एक छोटी डबी काढली. पुढचा एक दुधाचा दात पडला होता. “मूळ आतच तुटून राहिलं, बघा.” दात उलटा केला तर खालून पोकळ, कडा खडबडीत आणि लालसर. तुटलेलं मूळ नव्हतंच ते, विरघळून संपलेलं मूळ होतं. मागचा पक्का दात तेवढ्यातही किंचित पुढे आला आहे, असं तिला वाटत होतं. इतक्या लवकर फरक दिसेल असं मला वाटत नाही, पण तिचा चेहरा मोकळा झाला होता.

त्या दिवशी मी तिला पुढच्या काही वर्षांचं आधीच सांगून ठेवलं. नवे पटाशीचे दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर आणि करवती कडेचे दिसतील. तो त्यांचा स्वाभाविक रंग आहे, घासून पांढरा करायला जाऊ नका, आणि कडा वापराने सपाट होतात. सात-आठ वर्षांचा झाला की वरच्या दोन दातांत फट दिसेल, दात बाहेर फाकल्यासारखे वाटतील. ११-१२ व्या वर्षी वरचे सुळे उतरले की छोटी फट बऱ्याचदा आपोआप मिटते, म्हणून तोवर तारांची घाई नको. एका बाजूचा दात येऊन सहा महिने उलटले आणि दुसऱ्या बाजूचा त्याचा जोडीदार आला नाही, तर मात्र दाखवायला या. एखादा जास्तीचा दात वाट अडवून बसलेला असू शकतो, किंवा तो दात तयारच झालेला नसतो.

जाताना तिने विचारलं, धाकटी चार वर्षांची आहे, तिला कधी आणू? मी म्हटलं, दुधाच्या दाढा तपासायला आत्ताच आणा, आणि सहावं लागलं की घरीच टॉर्च घेऊन पाचच्या मागे काही दिसतंय का ते बघत जा.