अमेरिकेत सगळ्यात जास्त माणसं कुठल्या चक्रीवादळात मेली? आणि इतकी का मेली?

बरेच जण कॅटरिना म्हणतील, पण नाही. 8 सप्टेंबर 1900, गॅल्व्हेस्टन, टेक्सास. मेलेले कमीत कमी 6,000, काही अंदाज 12,000 पर्यंत जातात आणि गावाची वस्ती होती जेमतेम 38,000. मी ह्यूस्टनला राहतो, गॅल्व्हेस्टन इथून गाडीने तासाभरावर, लाँग वीकेंडला इथली अर्धी मराठी मंडळी तिथल्या बीचवर पडलेली असतात. पण ज्या रस्त्यावर आपण गाडी लावतो ती जमीन 1900 साली तिथे नव्हतीच हे फारसं कुणाला माहीत नसतं.

गाव म्हणजे मेक्सिकोच्या आखातातली रेतीची लांबट पट्टी. सगळ्यात उंच जागा 9 फुटांच्याही आत, आणि त्या रात्री पाणी चढलं 15 फूट. पण "समुद्र आला आणि माणसं मेली" एवढंच उत्तर दिलं तर ते अर्धवट होईल, कारण पाणी असं येऊ शकतं हे लोकांना कळायला हवं होतं आणि कळूही शकलं असतं. याच किनाऱ्यावरचं इंडियानोला नावाचं बंदर 1875 मध्ये एकदा आणि 1886 मध्ये परत असं वादळात दोनदा झोपलं, नंतर लोकांनी ते सोडूनच दिलं. ते बघून गॅल्व्हेस्टनमध्ये भिंत बांधायची चर्चा झाली, मग थंड पडली. त्यात 1891 मध्ये तिथल्या हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी पेपरात लेख लिहून सांगितलं की इथे मोठं वादळ येऊन गावाचं नुकसान होईल ही भीती निव्वळ खुळी आहे. त्यांचं म्हणणं असं की समोरचा समुद्र उथळ आहे म्हणून लाटा बाहेरच फुटतील. आता हे नेमकं उलटं आहे! उथळ समुद्रात वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागा नसते, मग ते वर चढतं, सर्ज, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर ढकललेलं हे पाणी, उथळ किनाऱ्यावरच जास्त येतो.

आणि क्यूबाचं प्रकरण वाचलं की मला अजूनही राग येतो. हवानाचे हवामानवाले, त्यात बेलेनच्या वेधशाळेतले पाद्री, वादळांचा अंदाज बांधण्यात मुरलेले होते. पण क्यूबा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात, आणि वॉशिंग्टनच्या वेदर ब्युरोला त्यांचं काही ऐकायचंच नव्हतं, म्हणून ऐन मोसमात त्यांच्या हवामानाच्या तारांवर बंदी आणली. ब्युरो म्हणत होता वादळ फ्लोरिडाकडे वळून अटलांटिकमध्ये जाईल, क्यूबावाले म्हणत होते आखातात घुसेल. घुसलं.

शनिवार होता. सकाळी रस्त्यात पाणी आलं तर लोक लाटा बघायला किनाऱ्यावर गेले होते म्हणे, पोरं पाण्यात खेळत होती. दुपारपर्यंत मुख्य जमिनीला जोडणारे पूल गेले, म्हणजे आता निघायचं म्हटलं तरी निघता येईना. संध्याकाळी तर क्लाइननीच लिहून ठेवलंय की पाणी काही सेकंदांत चार फूट चढलं. त्यांच्या घरात पन्नासेक माणसं आसऱ्याला होती, ट्रामच्या रुळांचा लाकडी सांगाड्यासकट तुकडा वाहत येऊन आपटत राहिला आणि घर कोसळलं, त्यात त्यांची बायकोही गेली. नुसतं बुडून मेले असं नव्हे, पहिल्या रांगेतली घरं मोडली की त्यांची लाकडं दुसऱ्या रांगेवर आपटायची, मग ती तिसरीवर, असं करत 3,600 च्या आसपास घरं जमीनदोस्त झाली. (मी बीचवर घोडागाडी फिरवून लोकांना सावध केलं असं क्लाइन नंतर सांगायचे, पण त्याला दुजोरा देणारे साक्षीदार फारसे सापडत नाहीत.)

किनाऱ्याला लागून सेंट मेरीज अनाथाश्रम होता. दहा नन आणि नव्वदेक मुलं. ननांनी कपडे वाळत घालायच्या दोरीने मुलं आपल्या कमरेला बांधून घेतली, हातातून सुटू नयेत म्हणून. फक्त तीन मुलगे वाचले, एका झाडाला धरून.

प्रेतं इतकी की पुरायला जागा नाही. काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकावर कामाला लावलं, दारू पाजून. जवळपास 700 प्रेतं बार्जवर (सपाट मालवाहू नावेवर) घालून समुद्रात सोडली, ती लाटांबरोबर परत आली. मग सापडेल तिथेच जाळायला सुरुवात केली आणि ते कित्येक आठवडे चाललं.

यानंतर लोकांनी जे केलं ते मात्र अचाट आहे. 17 फूट उंच भिंत, पहिला तीन मैलांचा तुकडा 1904 मध्ये पूर्ण. आणि त्यामागे अख्खं गाव वर उचललं. दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या आणि खाली ड्रेजरने (समुद्रतळ उपसणाऱ्या यंत्राने) पाण्यासकट रेती सोडली. सेंट पॅट्रिक्स चर्च, 3,000 टनांचं, पाच फूट वर. घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने करायचा. 1911 पर्यंत हे चाललं, तोवर लोक फळ्यांच्या पुलांवरून ये-जा करायचे, झाडं बागा सगळं खारट रेतीखाली मेलं. अ‍ॅश्टन व्हिला नावाचा जुना वाडा उचलला नाही, भोवती भराव घातला, त्याचं लोखंडी कुंपण जमिनीत अर्धवट गाडलेलं आजही दिसतं, गेलात तर बघा.

1915 मध्ये तसंच वादळ परत आलं, भिंत टिकली, गावात मृत्यू अगदी मोजके. पण धंदा तोवर हलला होता. 1914 मध्ये ह्यूस्टनचा शिप चॅनल, म्हणजे मोठ्या जहाजांसाठी खोल केलेला जलमार्ग, उघडला आणि मोठं बंदर आत सरकलं.

परत होऊ शकतं का विचाराल तर हो. भिंत समुद्राच्या बाजूला आहे, पण 2008 च्या आइक वादळात पाणी मागून, खाडीच्या बाजूने गावात शिरलं, आणि शेजारच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर जिथे भिंतच नाही तिथल्या वस्त्या साफ झाल्या. तेव्हापासून खाडीच्या तोंडाशी प्रचंड दरवाजे बसवायची योजना चालू आहे. चॅनलवर एवढ्या रिफायनऱ्या आहेत म्हणून निदान चर्चा तरी होते, नुसत्या गॅल्व्हेस्टनसाठी एवढा पैसा कुणी काढला असता असं मला वाटत नाही.