व्हीआर हेडसेट लावला तर भुलेची सुई टळेल का?

प्रश्न : माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल करायचं आहे. लहानपणी दाढ काढताना भूल नीट चढली नव्हती. तेव्हापासून त्या खुर्चीत बसायचं म्हटलं की हातपाय गार पडतात, आणि घेतलेली वेळ मी रद्द करते. काही डॉक्टर उपचाराच्या वेळी डोळ्यांवर व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) हेडसेट लावतात, त्यात आपण दुसऱ्याच आभासी जगात आहोत असं दिसतं, असं ऐकलं. त्याने सुई टळेल का? दुखणं खरंच कमी होतं, की नुसतं मन रमतं?

उत्तर : सुई टळणार नाही, आणि तुम्ही ती टाळूही नका. दाढेची नस बधिर करण्याचं काम भुलेचं औषधच करतं. हेडसेटचा उपयोग त्याच्या जोडीला.

पण मन रमण्याला कमी लेखू नका. दाढेतली कळ किती जाणवेल, हे आपलं लक्ष कुठे आहे आणि आपण किती धास्तावलो आहोत यावरही ठरतं. अमेरिकेत सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात भाजलेल्या रुग्णांवर व्हीआरने मन रमवण्याचा प्रयोग सुरू केला. जखमांवर उपचार चालू असताना रुग्ण 'स्नोवर्ल्ड' नावाच्या खेळात बर्फाच्या दरीतून जात बर्फाचे गोळे फेकायचे. पुढे २००४ मध्ये निरोगी माणसांना उष्णतेचे चटके देऊन मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा व्हीआर चालू असताना वेदनेशी संबंधित भागांतली हालचालच कमी झालेली दिसली.

दातांच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला अभ्यास. दात भरायला किंवा काढायला आलेल्यांपैकी काहींना व्हीआरमध्ये समुद्रकिनाऱ्यावर फिरवलं, काहींना शहरात, बाकीच्यांना नेहमीसारखाच उपचार दिला. किनाऱ्यावर फिरलेल्यांना कमी दुखलं, आणि नंतर आठवतानाही दुखणं कमीच आठवलं. शहरात फिरलेल्यांना मात्र काही फायदा झाला नाही. म्हणजे नुसतं यंत्र डोळ्यांवर चढवून भागत नाही, आत काय दिसतं ते महत्त्वाचं. आणि तुमची भीती आठवणीतूनच आलेली असल्यामुळे, या वेळची आठवण बरी राहणं तुमच्यासाठी फार गरजेचं आहे.

वरच्या पुढच्या दातांवर काम करताना हेडसेट डॉक्टरांच्या हाताला अडतो. खालच्या दाढेला सहसा तेवढी अडचण येत नाही. मान स्थिर ठेवावी लागते, म्हणून डोकं वळवायला लावणारा खेळ नको, संथ दृश्य मागा. हेडसेट भूल देण्याआधीच लावायला सांगा, कारण बहुतेकांची छाती सुई दिसली की धडधडते. गाडी लागत असेल किंवा फिट्सचा त्रास असेल तर आधी सांगाच. डोळे झाकल्यावर काहींना उलट जास्त भीती वाटते. तसं झालं तर हेडसेट लगेच काढायचा, त्यात संकोच कसला?

माझ्या खुर्चीतल्या प्रत्येक घाबरलेल्या रुग्णाशी मी आधी खूण ठरवते : डावा हात वर झाला की मी थांबणार. हेडसेट असला की तुम्हाला डॉक्टर दिसत नाहीत, हेडफोनमुळे नीट ऐकूही येत नाही. मग त्यांनी खांद्यावर थोपटलं की तोंड आणखी उघडायचं, असंही आधीच ठरवून घ्या.

लहानपणी काय झालं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आतून सुजलेली खालची दाढ बधिर व्हायला कधी वेळ लागतो, कधी भुलेचं आणखी एक इंजेक्शन द्यावं लागतं. सुईआधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावता येतं. ड्रिल सुरू करण्याआधी दाढ बधिर झाली का हे गार लावून तपासायला सांगा. गार जाणवलं तर तसं सांगा, आणि थांबायला लावा. तो तुमचा हक्क आहे. जमलं तर पहिल्या भेटीत फक्त तपासणी करून घ्या आणि हेडसेट लावून दहा मिनिटं खुर्चीत बसून बघा. रूट कॅनालची वेळ त्यानंतर घ्या.