खोट्या तक्रारीमागच्या 'वाईट हेतू'साठी इंग्रजीत दमदार शब्द कोणता?

तुम्ही विचारलं की ऑफिसात कुणीतरी तुमच्यावर खोटी तक्रार टाकली, आता इंग्रजीत खुलासा द्यायचाय, अन् 'बॅड इंटेन्शन' लिहिलं तर लय पुचाट वाटतं, मग मॅलिस, मॅलिशस, मॅलेव्होलंट, स्पाइट, ग्रज यातला कोणता टाकू. मी काही इंग्रजीचा मास्तर नाही. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे, वकिलांच्या नोटिसा टाइप करून करून हे शब्द बोटांना पाठ झालेत एवढंच.

तुमच्या कामाचा शब्द तुमच्या यादीतच नाही. मालाफाईड. बोनाफाईड तर माहीत आहेच, कॉलेजच्या खिडकीवर त्या सर्टिफिकेटसाठी आपण सगळेच ताटकळलोय. बोना म्हणजे चांगला, फाईड म्हणजे विश्वास, दोन्ही लॅटिन. त्याच्या उलटं मालाफाईड, म्हणजे नियत खोटी ठेवून केलेलं. हा जो 'वाईट'वाला मॅल आहे ना, मॅलिस, मॅलिशस, मॅलेव्होलंट ही तिन्ही त्याचीच लेकरं, मलेरिया पण (इटालियनमध्ये 'वाईट हवा'), अन् मोबाइलमध्ये घुसणारं मालवेअर पण त्याच घरचं.

मॅलिस म्हणजे मनातली दुष्टाई, अन् ती ठेवून जे केलं ते मॅलिशस, मग ती तक्रार असो की अफवा. मॅलेव्होलंट सोडून द्या, तो स्वभावाला नाहीतर नजरेला लागतो, गोष्टीतल्या चेटकिणीला शोभतो, खुलाशात टाकला तर साहेब हसेल.

आता दमदार शब्दाचं सांगतो. मागं एक बुढा आला होता दुकानात, तुरीला शेंगा धरायचे दिवस होते. पिशवीतून तुरीचं एक झाड काढून त्यानं सरळ माझ्या कीबोर्डाजवळ ठेवलं, शेंडा खाल्लेला, खाली चार-दोन शेंगा लोंबत होत्या अन् मुळाची माती टेबलभर. "लिवा भाऊ, मुद्दामून ढोरं घातले." वकीलसाहेब बाजूलाच चहा पीत होते, ते म्हणाले, बाबा, मुद्दाम कशावरून? तर बुढा म्हणतो, "दोन सालापासून धुऱ्याचं भांडण हाय, अन् रातच्याला कंपाउंडाच्या तारा खोलेल होत्या. ढोराले का तारा खोलता येते?"

झालं. सगळ्या नोटिशीचा जीव त्या तारेत होता. वकिलांनी शब्द सांगितला मिस्चिफ, अन् मी मनात म्हटलं हा तर शाळेतल्या खोडकर पोरांसाठीचा शब्द, एवढ्या नुकसानीला कसा पुरेल. पण कायद्यात तो भारी आहे. १८६० च्या इंडियन पीनल कोडात कलम ४२५, मराठी कायद्यात त्याला आगळीक म्हणतात, अन् त्या कलमाखाली जी उदाहरणं दिलीत त्यात चक्क हेच आहे, दुसऱ्याच्या वावरात पिकाचं नुकसान करायच्या हेतूनं ढोरं घातली तर ती आगळीक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथं हे कलम ३२४ झालंय. पण गंमत अशी की तारा जुन्या होऊन आपोआप पडल्या असत्या अन् ढोरं आपसूक शिरली असती, तर तूर तेवढीच गेली असती पण आगळीक झाली नसती. हेतू पाहिजे, नाहीतर निदान नुकसान होणार याची जाणीव तरी पाहिजे.

हेतूच्या शब्दाला किंमत किती असते ते कोरोनात दिसलं. रोग पसरेल असं काही निष्काळजीपणानं केलं तर तेव्हाच्या पीनल कोडात कलम २६९ होतं, सहा महिन्यांपर्यंत कैद. तेच 'मॅलिग्नंटली' केलं तर २७०, दोन वर्षांपर्यंत. हो, तोच मॅलिग्नंट जो गाठीच्या रिपोर्टात वाचून घरात रडारड होते.

राहिले स्पाइट अन् ग्रज. ग्रज म्हणजे आपला डूख. साप डूख धरतो म्हणतात तसा, जुनं काहीतरी धरून ठेवलेलं, अजून केलं काहीच नसेल तरी चालतं. बेअर्स अ ग्रज अगेन्स्ट मी, असं लिहितात. स्पाइट जरा हलका, बारका खुनशीपणा, दुसऱ्याला त्रास झाला पाहिजे बस, मग स्वतःचं नुकसान झालं तरी बेहत्तर. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं, ते स्पाइट, अन् इंग्रजीतल्या म्हणीतही नाकच कापलंय! आमच्याकडं एकानं शेजाऱ्याला पाणी मिळू नये म्हणून सामायिक विहिरीवरची मोटर बंद पाडून ठेवली होती, त्याचाही हरभरा वाळला. आउट ऑफ स्पाइट म्हणतात ते हे.

तर तुमच्या खुलाशात एवढंच टाका, द कंप्लेंट इज फॉल्स, मालाफाईड अँड मोटिव्हेटेड. मोटिव्हेटेड, म्हणजे आत दुसराच मतलब ठेवून केलेली, हा आपल्या सरकारी इंग्रजीतला लाडका शब्द आहे, साहेबाला लगेच समजते. पण त्याच्याखाली तुमची 'तार' दाखवा, म्हणजे तक्रारीत जी तारीख आहे त्या दिवशी तुम्ही रजेवर होते का, कागद कोणाकडं होते, आधीही अशीच तक्रार येऊन निकाली निघाली होती का, जे असेल ते नंबर-तारखेसकट. अन् तुम्हीच लिहिलंय की तक्रार 'कुणीतरी' केली, नाव माहीत नाही, मग ग्रज अन् स्पाइट टाकूच नका, साहेबानं विचारलं कुणाचा ग्रज, तर कोणाकडं बोट दाखवाल?