'झीना: वॉरियर प्रिन्सेस' या मालिकेतली झीना आधी इतकी क्रूर का होती? कोणत्या भागांत कळतं?

एकच भाग बघायचा असेल तर दुसऱ्या सीझनमधला 'डेस्टिनी' बघा. जखमी झीना बेशुद्ध पडते आणि तिचा भूतकाळ उलगडायला लागतो. खंडणीसाठी पकडलेल्या तरुण ज्युलियस सीझरवर ती विश्वास टाकते. तो सुटतो, परत येतो आणि तिला समुद्रकिनाऱ्यावर क्रूसावर चढवून तिचे पाय मोडायला लावतो. तिला तिथून सोडवणारी मिलिला तिच्यावर येणारा बाण स्वतःच्या अंगावर झेलते. त्यानंतर धड उभंही राहता येत नसताना झीना मागावर आलेल्या सैनिकांना ज्या थंडपणे मारते, ते बघून काटा येतो. झीना साकारणाऱ्या ल्यूसी लॉलेसचे डोळे त्या क्षणी अक्षरशः विझतात.

पण सगळं खापर सीझरवर फोडू नका. त्याआधीच, गावावरच्या हल्ल्यात भाऊ लायसीअस गेल्यावर तिने तलवार खाली ठेवलेली नव्हती. आणि 'कॅलिस्टो' भागात तिच्या सैन्याने जाळलेल्या सिरा गावातली मुलगी सूड घ्यायला उभी राहते, तेव्हा झीनाकडे उत्तर नसतं. मला मालिकेचं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: भूतकाळ दाखवताना तिला माफी मिळवून द्यायची घाई कुठेच नाही.

पुढे तिसऱ्या सीझनमधला दोन भागांचा 'द डेट' (The Debt) जरूर बघा. त्यात चीनमधली लाओ मा तिला पहिल्यांदा वेगळी वाट दाखवते, आणि तरीही झीना लगेच बदलत नाही.